मनूचा कान दुखला आणि मामाजींनी दुपट्टा सारला

मागच्या सोमवारी मनू शाळेला निघाली आणि दारातच कान धरून खाली बसली... चार वर्षांची पोर, शाळा बुडवायला रोज नवीन नाटक. म्हणून आधी मी लक्षच दिलं नाही, पण अंगाला हात लावला तर चांगली कणकण होती.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, रामाकोन्याहून आमच्याकडे पांढुर्ण्याला आलेले होते. नातीच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि मी डबा बाजूला ठेवेपर्यंत त्यांनी लसूण टाकून तेल कढवलं, निववलं आणि तिच्या कानात सोडलंसुद्धा! आमच्याकडे कान दुखला की पहिला मान लसणाच्या तेलाचा, डॉक्टर मग...

शेवटी मी आणि मामाजी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमनी कानात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पडदा दिसेचना, नुसतं तेल! मग मनूशी गप्पा मारत मारत, कापसानं टिपत टिपत त्यांनी कान कोरडा केला.

पडदा लाल होता, पण फुगलेला नव्हता, फुटलेला नव्हता. दुखणं एकाच कानात आणि ताप थोडासाच. मॅडम म्हणाल्या की तिच्या वजनाप्रमाणे दुखण्याचं औषध द्या, अँटिबायोटिक आज नको, असे बरेच कान आपले आपण बरे होतात.

पण दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, ताप चढला किंवा कान वाहायला लागला तर ताबडतोब या, मग देऊ. पोर अगदी तान्ही असती आणि दोन्ही कान दुखत असते तर आजच दिलं असतं, हेही सांगितलं. आणि कानात तेल अजिबात नाही... हे बोलताना त्यांनी मामाजींकडे पाहिलं, मामाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

बाहेर आल्यावर मामाजींचा पारा चढला. "हे कोणती डॉक्टरीण होय बाई? पोट्टी रडून राहिली अन् हे म्हणते थांबा!" मनूला आणि मला घरी सोडून ते तडक मेडिकलमध्ये गेले. दुकानदार ओळखीचा, चिठ्ठी कोण विचारतं... अँटिबायोटिकची बाटली घेऊनच परतले.

खरं सांगू? दुपारी मनू पुन्हा कळवळायला लागली तेव्हा माझाही धीर सुटला. नवरा ड्युटीवर, फोन लागेना, आणि ती बाटली समोर टेबलावर. थांबा म्हणणं सोपं असतं हो, पोर मांडीवर रडत असताना थांबून दाखवा... मी बाटलीचं झाकण फिरवायला हातात धरलं होतं.

मग आठवलं की दुखण्याच्या औषधाचा दुसरा डोस द्यायची वेळ झाली आहे. तो दिला. थोड्या वेळानं कण्हणं कमी झालं आणि ती मामाजींच्या, म्हणजे तिच्या आबाजींच्या मांडीवर, त्यांच्या डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याचं टोक मुठीत धरून झोपली.

मी हळूच विचारलं, मामाजी, इतकी कसली घाई झाली होती तुम्हाला? त्यांनी तिच्या कानावरचे केस हलकेच बाजूला केले. मग म्हणाले, "माहा कान बी असाच दुखला होता, लहानपणी. घरचे म्हणे, होईन बरा. मंग जो वाहाले लागला बाई... अजून वाहून राहिला."

अजून?

त्यांनी डोक्याचा दुपट्टा सारला. डाव्या कानात कापसाचा बोळा होता. दुपट्टा उन्हासाठी बांधतात, थंडीसाठी बांधतात, असंच आम्ही सगळे समजत होतो. वास येतो म्हणून लाज वाटते, म्हणाले. या माणसाला नातीचा कान आपल्यासारखा व्हायला नको होता, एवढंच होतं ते सगळं.

बुधवारी मनूला परत दाखवायला नेलं. ताप नाही, दुखणं नाही, पडद्याची लाली उतरत आलेली. बाटली सीलबंदच राहिली. मग मी मामाजींना धरून त्याच खुर्चीवर बसवलं. "माहं काय आता, राहू दे न बाई," चाललंच होतं.

मॅडमनी खूप वेळ पाहिलं. पडद्याला भोक आहे, म्हणाल्या, आणि आत पू. इथे मात्र थांबायचं नाही. कानात टाकायचे अँटिबायोटिकचे थेंब लिहून दिले, पाणी आणि तेल दोन्ही बंद, आणि नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे जायचं पक्कं केलं. वाहणं थांबेल असं वाटतं, ऐकण्याचं तिथे तपासून कळेल. रागावल्या नाहीत, उलट इतकी वर्षं सोसलंत कसं, असं विचारलं.

"म्हणजे औषध मालेच लागत होतं म्हणा नं," मामाजी हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही.

मॅडम कान साफ करायला लागल्या तशी मनू खुर्चीला खेटून उभी राहिली. मामाजींचं बोट धरलं आणि त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आबाजी, रडा वाटलं तर रडा. मी पण रडली होती न."

आणि मामाजी खरंच रडले हो...

लेकीचा कान दुखला म्हणून कुठली आई देवाचे आभार मानत असेल? मी मानते आहे.