बोडीखालच्या बांधीतली काळी मुळं

शेतकीची पदवी घेऊन नागपूरहून परतलो, त्याच पावसाळ्यात मी बोडीखालच्या, म्हणजे गावतळ्याखालच्या आमच्या धानाच्या बांधीत पळसाचा हिरवा पाला गाडायला लावला. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. पाला कुजू द्या, मग लावणी करा, असं पुस्तकात होतं. पण रोवणा करणाऱ्या बाया येऊन उभ्या होत्या. मी थांबलो नाही.

रोवण्यात रोपांची पहिली जुडी गावात एकच बाई लावायची; आमच्या बांधीतही तिनंच लावली. तिचा हात गुणाचा, म्हणून घरोघरी तिलाच आधी बोलावणं. त्यावर तिचा पावसाळा निघायचा.

तीन आठवड्यांत धान पिवळं पडलं, खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आले. मी एक रोप उपटलं. मुळं काळी, वास सडक्या अंड्याचा. बोटांनी ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघाली, आत नुसता दोरा. ब्लेडनं कापून भिंगातून पाहिलं. धानाच्या मुळात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांच्यावर ते पाण्यात जगतं. त्या खचून गेल्या होत्या. माती गुदमरली होती, माझ्याच पाल्यानं.

शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून बाप म्हणाला, "काय दिसून राहिलं?"

"रोग आहे."

"रोग नाही. तिचा हात बिघडला."

मी भिंग खिशात घातलं.

दोन दिवसांनी ती बाई अंगणात आली. बाप खाटेवर बसला होता. ती माझ्याशीच बोलली, "बाबू, तू शिकेल माणूस. माह्या हातानं मुळं काळी होतेत का?"

"पाहावं लागेल, बाई."

"पाहून तं राहिला होता तू. काचातून."

पुढच्या वर्षी मी पाला गाडला नाही, रोवण्याआधी बांधीतलं पाणी काढून दिलं. पहिली जुडी दुसऱ्या बाईनं लावली. मुळं पांढरी निघाली. "पाहा, हात बदलला," बाप गावभर सांगत फिरला. माझ्या उपायानंच तिचा गुन्हा शाबीत झाला. तिला पुन्हा कोणी बोलावलं नाही. ती चिचगडच्या जंगलात पानं तोडायला जाऊ लागली.

माझं नाव मात्र झालं. लोक रोगट रोपं घेऊन यायचे, मी मुळं कापून कारण सांगायचो. एकदा तीही आली, परसातलं सुकलेलं वांग्याचं रोप घेऊन. "हे काऊन मेलं?"

मी मूळ चिरलं. "पाणी साचलं, बाई."

"आता लवकर दिसते तं तुले," ती म्हणाली, आणि रोप तिथंच टाकून गेली.