जाताना उतार

"लांब किती ते नोका सांगू, मास्तर. टाइम किती लागते ते सांगा."

शेजारच्या काकूंचं हे ठरलेलं बोलणं. वणी किती मैल, हे त्यांना सांगून उपयोग नसे. नाल्याला पूर आला की तेच मैल दोन दिवसांचे होत. मुकुटबनात राहिला असता, तर तुम्हीही मैल विचारले नसते.

त्यांची मुलगी लंडनला दवाखान्यात नर्स होती. लग्नही तिकडंच, नागपूरच्या मुलाशी झालं होतं. तिची दोन बाळं पोटातच गेली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायची मनाई केली आणि जावयानं सासूसाठी विमानाचं तिकीट काढलं. ही साठ सालानंतरची गोष्ट. काकू तोवर वर्ध्यापलीकडे गेल्या नव्हत्या.

मुलगा म्हणाला, "माय, तुले तिथलं बोलणं तरी समजन काय?"

"बाळंतिणीले तेल लावाले बोलणं कायले लागते?"

त्यांनी मला शाळेतला नकाशा आणायला लावला. मी मुंबई दाखवली, लंडन दाखवलं, मैल सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. "एक दिवस," म्हणालो. "मध्ये दोन-तीन ठिकाणी उतरतं."

काकू वाती वळत होत्या. हातातली वात त्यांनी दोन्ही गावांवर ताणून पाहिली. पुरली.

"मंग जाते," त्या म्हणाल्या.

मुकुटबनहून मुंबई गाठायला त्यांना विमानापेक्षा जास्त वेळ लागला. त्याचं कोणाला नवल वाटलं नाही.

काही महिन्यांनी परत आल्या. नात झाली होती, चांगली बाळसेदार. सगळी आळी अंगणात जमली. विमान कसं असतं, कोणीतरी विचारलं.

"एस्टीसारखंच. फक्त उतरून लोटाले नाही लावत."

मग म्हणाल्या, "पण रस्ता सपाट नाही. जातानी उतार हाय, येतानी चढ. सकाळी बसली, त सांजेले पोरीपाशी. येतानी दुपारी निघाली, त दुसरा दिवस उजाडला."

मी शिक्षक. मी कंदील आणि संत्रं घेऊन पृथ्वी कशी फिरते, तिथलं घड्याळ मागं का असतं, हे समजावलं. काकूंनी सगळं नीट ऐकलं. मग संत्रं सोलून पोरांना वाटून टाकलं.

"तुमचं बराबर असन, मास्तर. पण येतानी मले जड गेलं."

पुढं चार-पाच वर्षांनी, ऐन मे महिन्यात काकू गेल्या. मुलानं तार केली. लेक नातीला घेऊन निघाली, पण ती पोचली तोवर राखही सावडून झाली होती.

ती ओसरीवर बसली. मला म्हणाली, "मास्तर, थांबता नसतं आलं काय?"

"ऊन फार होतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली.

सकाळचे नऊ वाजले होते. भेटायला माणसं येत होती, बाया रडत होत्या. नात बाजेवर बुटांसकट गाढ झोपली होती. तिच्या घरी अजून उजाडायचं होतं. कोणीतरी तिला उठवायला वाकलं, तर लेकीनं हातानंच थांबवलं आणि पदर तिच्या तोंडावरच्या उन्हाला आडवा धरला.