पान नसलेली कार्डं

प्रमोद गमरे यांचा कुणावरच भरवसा नव्हता. म्हणजे अगदी कुणावरच! बांगडे घेताना ते काट्याखाली वाकून बघायचे. पोस्टमननं दिलेलं पाकीट आधी उलटं करून गोंद तपासायचे. मिरजोळ्याला लेकीकडे निघाले तरी शेजाऱ्याला सांगायचे, "लांज्याला जातोय." का? तर कशाला उगाच कुणाला खरं सांगा! बायको सीताबाई कपाळाला हात लावायच्या.

पण हा माणूस जन्मापासून असा नव्हता, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयात गमरे बत्तीस वर्षं शिपाई होते. शिडीवर चढायचं, मागितलेलं पुस्तक काढून द्यायचं. एकदा असंच एक जाडजूड पुस्तक उतरवताना त्यांनी ते उघडलं आणि शिडीवरच बसून राहिले. मध्य आशियातल्या वाळवंटाच्या कडेला खोतान नावाचं राज्य. तिथल्या शक लोकांची भाषा इराणी कुळातली, जुन्या पारशांच्या भाषेची लांबची बहीण. आणि धर्म? बुद्धाचा! गमरेंच्या वडिलांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली, त्याच्या कितीतरी शतकं आधी तिकडचे सुतार आणि विणकर तेच त्रिशरण म्हणत होते. गमरेंना रडूच आलं. खाली पुस्तकाची वाट बघणारे गृहस्थ खेकसले, तेव्हा कुठे ते उतरले.

मग नाद लागला. राजांची नावं पंडित लिहितातच, आपण लहान माणसं धरायची, असं त्यांनी ठरवलं. शब्दकोश घेऊन इंग्रजी वाचलं, विहारातल्या रविवारच्या वर्गात पाली शिकले. ग्रंथालयानं रद्दीत काढलेल्या सूचीच्या कार्डांमागे एकेक माणूस उतरवला: कर चुकवणारा विणकर, उंट हरवलेला हमाल, विहाराला तेल देणारी विधवा. अशी चार हजार माणसं जमली.

एका प्राध्यापकांनी त्यातली दोनशे कार्डं "जरा बघतो हं" म्हणून नेली. पुढच्या वर्षी त्यांचा लेख छापून आला. शेवटी आभार होते, ग्रंथालयाच्या कर्मचारीवर्गाचे. कर्मचारीवर्ग! गमरेंना जेवण गेलं नाही.

त्या दिवसापासून त्यांनी दोन बंदोबस्त केले. पहिला असा की प्रत्येक कार्डावरचं पुस्तकाचं नाव आणि पान ब्लेडनं खरवडून टाकलं. "ते माझ्या डोक्यात. डोकं कोण चोरतोय बघू!" दुसरा, एक खोटं कार्ड. त्यावर मसणवट राखणारी एक बाई होती. तिला विहाराच्या दारात कुणी उभं करत नसे, पण तिचा दिवा भिक्षूंनी आत नेऊन मधोमध ठेवला. अशी बाई कुठल्याच कागदात नव्हती. कुणाच्या लेखात ती दिसली की चोर सापडला. गळाला आमिष लावावं तसं हे कार्ड त्यांनी लावलं. आणि आमिषाला काय लावलं? जे खरं असावं असं त्यांना स्वतःला फार वाटत होतं तेच.

निवृत्तीनंतर कार्डं गावी आली, हापूसच्या खोक्यांतून. आणि गेल्या वर्षी पुण्याहून राही आली. खोतानच्या साध्या माणसांवर ती पीएचडी करत होती. गमरेंनी तिचं आधार कार्ड मागितलं, मोबाईल सीताबाईंच्या ताब्यात ठेवायला लावला, आणि आठ दिवस पेपर तोंडासमोर धरून तिच्यावर नजर ठेवली.

"अवो, पोरगी हाय ती, दरोडेखोर नाय," सीताबाई म्हणाल्या.

"तुला काय कळतंय? दरोडेखोर असेच गोड असतात."

"काका, पानं कुठायत यांची?" राहीनं विचारलं.

"गमरे संग्रह, असं लिही. पुरे." आणि मसणवटीतल्या बाईचं कार्ड त्यांनी मुद्दाम वर सरकवलं. ते वाचताना पोरीचे डोळे भरले. लागला गळाला, गमरे मनात म्हणाले.

चार महिन्यांनी ती परत आली, हातात छापलेलं प्रकरण घेऊन. सोमवारी प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता. सगळं प्रकरण त्या बाईवर उभं होतं. आणि नाव? चोरलेलं नव्हतं. "प्रमोद गमरे यांनी प्रथम उजेडात आणलेली..." असं अकरा ठिकाणी त्यांचं नाव छापलेलं. सीताबाईंनी पदराला हात पुसून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

गमरेंनी स्वतःचं नाव अकराही ठिकाणी वाचून काढलं. गप्प बसलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. आयुष्यभर ज्याच्यासाठी जळले ते समोर पडलं होतं. पण ही पोर त्या खोट्या बाईवर स्वतःचं नाव पणाला लावणार होती.

"ती बाई नाही," ते म्हणाले. "मी केली. चोर धरायला."

राही बघतच राहिली. "म्हणजे तुम्हाला मी चोर वाटले?"

गमरेंनी मान खाली घातली. तिनं प्रकरणाची पानं चाळली आणि विचारलं, "काका, मग बाकीची खरी कशावरून?"

"खरी कशावरून?" गमरे ताडकन उठले. "माझी सगळी हयात गेलीय त्यात! विचार. कुठलंही विचार."

तिनं लॅपटॉप उघडला; ती जुनी पुस्तकं त्यात होती. प्रकरणात त्या बाईखेरीज आणखी पाच कार्डं होती. विणकर? गमरेंनी पुस्तक आणि पान सांगितलं. तिनं बघितलं, बरोबर निघालं. तेल देणारी विधवा? तेही बरोबर. उंट हरवलेला हमाल?

"हिरवं पुस्तक," गमरे म्हणाले. "खालची फळी, खिडकीकडची. कोपऱ्याला वाळवी लागलेली. पान... पान..." खिडकी दिसत होती, हमालही दिसत होता. पान काही येईना. चौथ्याचं आलं नाही. पाचव्याचं तर पुस्तकही आठवेना. डोकं कुणी चोरलं नव्हतं, तरी रिकामं झालं होतं.

"पेन दे," ते म्हणाले.

एकेक ओळ शोधून ते स्वतःचं नाव खोडत गेले. नऊ झाली. दहाव्यावर पेन टेकवलं तेव्हा राहीनं त्यांचा हात धरला. "ही दोन राहू द्या."

गमरेंनी तिच्याकडे रोखून बघितलं. "का? कीव येते माझी?"

"नाही काका. त्यांची पानं सापडली."