पहिलीतल्या बाई

हायस्कुलात काय काय असतं ते हन्नाला तिच्या वडिलांनी, यशया मास्तरांनी, बैजवार सांगितलं होतं. तासातासाला मास्तर बदलतात, चार रेघी वही लागते, टाक-दौत आपापली न्यावी लागते. सांगायची राहिली ती एकच गोष्ट, आणि तीच नेमकी मोठी. विसाव्या वर्षी इंग्रजी पहिलीत, मराठी चौथीनंतरच्या वर्गात, बसायचं म्हणजे दहा-दहा वर्षांच्या पोरींच्या मांडीला मांडी लावून बसायचं. ज्यांचा सगळा जन्म शाळेत गेला त्यांना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? पण लेकीला तोंडावर सांगायचा धीर झाला नसावा.

हन्ना मराठी सातवी, म्हणजे फायनल, पास होती. देवळाली प्रवराजवळच्या त्यांच्या खेड्यात, मिशनच्या शाळेत, दोन वर्षं तिनं चौथी शिकवली होती. मनात मात्र नर्स व्हायचं होतं. दवाखान्यात चौकशीला गेली, तर ते म्हणाले, आधी इंग्रजी शिकून या. मग काय, नोकरी सोडली, तिच्या जागी दुसरी बाई लागलीसुद्धा, आणि १९४४च्या जूनमध्ये ही पत्र्याची पेटी घेऊन नगरच्या बोर्डिंगात दाखल. फायनलवालीला निदान तिसरीत तरी घेतील, असा तिचा अंदाज. हायस्कुलाच्या मोठ्या बाईंनी दाखला उलटसुलट पाहिला आणि पहिलीत नाव घातलं.

"तिमाहीपर्यंत बघू," त्या म्हणाल्या. "पास झालीस तर राहा. नाहीतर घरी जा. तुझ्या जागेवर लहान मुलगी बसेल."

ऑफिसातली चिठ्ठी मिळेपर्यंत घंटा होऊन गेली. लुगडं सावरत ती वर्गाच्या दारात पोचली, तोच चाळीस पोरी खाडकन उभ्या राहिल्या. "सलाम, बाई." पुढच्या बाकावर तिचीच पुष्पावती. गेल्या साली हिच्याच हाताखाली चौथी पास झालेली, आता नगरात मावशीकडे राहून शिकणारी. सगळ्यांत मोठा आवाज तिचा.

आणि हन्ना काय म्हणाली? "बसा."

सवय, दुसरं काय. पोरी बसल्या. हन्नाच्या मागं, दारातच, खऱ्या वर्गशिक्षिका मरियाबाई उभ्या होत्या. त्यांनी हिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "झालं असेल तर आता तूही बस." बाक एवढा ठेंगणा की गुडघे फळीला लागले. रडू आलं नाही, संताप आला. कुणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पुढं सगळं असंच. बोर्डिंगात वयानं मोठी म्हणून सकाळच्या भाकऱ्या हिच्या गळ्यात. वर्गात वयानं मोठी म्हणून, "तुला एवढंही येऊ नये?" मोठेपणाचा उपयोग सगळ्यांना, हिला सोडून. भाकऱ्या थापून हात भरून यायचे आणि त्याच हातानं ती वळणदार इंग्रजी अक्षरं काढायची.

एकाच गोष्टीचा दिलासा होता. पुष्पावतीचा पहिला नंबर, म्हणून ती मॉनिटर, आणि आपल्या रांगेतल्या वह्या लाल पेन्सिलीनं तपासायचं काम तिचं. हन्नाच्या वहीत रोज बरोबरच्या खुणा. पानंच्या पानं बरोबर. हन्नाला वाटायचं, चला, जमतंय की आपल्याला.

ऑगस्टात मरियाबाईंनी स्वतः चाचणी घेतली. हन्नाला पंचवीसात सहा.

वही घेऊन ती शाळेच्या आवारातल्या पिंपळाखाली बसली आणि मागची पानं पुस्तकाशी ताडून पाहू लागली. पहिल्याच ओळीत चूक. दुसरीत दोन. आणि त्या प्रत्येक चुकीपुढं लाल पेन्सिलीची बरोबरची ऐटबाज खूण. तिच्या डोक्यात तिडीक गेली. दोन महिने फुकट गेले होते आणि तिमाहीला उरले होते वीस दिवस.

तिनं पुष्पावतीला हाक मारून बोलावलं. "पुष्पे, हे काय?"

पुष्पावती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "तुमची वही हाय, बाई."

"मग?"

"तुमच्या वहीवर चूक कशी काढू? आईला कळलं तर जीव घेईल माजा. तुमी मला पाढे शिकवले."

आता या पोरीला काय बोलावं? हे वळण हन्नानंच तर लावलं होतं. बाईंच्या पुढं चालायचं न्हाई, बाईंना उलट बोलायचं न्हाई, बाई सांगतील ते बरोबर. वर्षभर घासून घासून शिकवलेलं. पोर चांगली शिकली होती, हीच पंचाईत.

"मी तुझी बाई नाही," हन्ना म्हणाली. "मी नापास झाले तर मला घरी धाडतील. घरी माझी नोकरी नाही, काही नाही. तू मला मान देतेस आणि माझं वाटोळं होतंय. कळतंय का?"

पुष्पावती रडायला लागली. हन्नानं तिला उगी केलं नाही. तिला खरोखरच राग आला होता. तिनं कालचा गृहपाठ उघडून पोरीच्या मांडीवर आदळला. "तपास."

लाल पेन्सिल बराच वेळ कागदाला टेकेना. मग एक फुली आली. मग दुसरी. मग पोरीचा हात सैल सुटला आणि फुल्याच फुल्या झाल्या. डोळे पुसायचंही ती विसरली. वही परत देताना तिनं मान वर केली आणि सरळ हन्नाच्या तोंडाकडं पाहिलं.

"हन्ना, हे समदं चुकलंय. दहादा लिही."

हन्नाचा चेहरा कानापर्यंत तापला. हात पोरीचा कान पिळायला शिवशिवला, खोटं कशाला बोला. तिनं तो खाली घेतला, दौत उघडली आणि लिहायला बसली. लढाईपायी कागद मिळत नव्हता, म्हणून अक्षर बारीक काढलं. सातव्या खेपेला पुन्हा तीच चूक झाली.

पुष्पावतीनं वहीवर बोट ठेवलं. "परत पयल्यापासून," ती म्हणाली.