बर्फवाल्या अप्पांचा खलाशी

सोनपेठच्या बाजारात शिवमूर्तीअप्पांचं बर्फाचं दुकान. गोणपाट अंगावर घेऊन भुशात निजलेल्या लाद्या. लग्नाच्या सरबताला, रसवंतीला आणि मयतीलाही अप्पांचाच बर्फ. वैशाखात परभणीहून टेम्पो निघाला की निम्मी लादी वाटेतच पाणी होऊन जायची. रोज बर्फाचं मरण पाहणाऱ्या या माणसाला तरुणपणी कुणीतरी सांगितलं, की दक्षिणेला असा एक मुलूख आहे जिथं बर्फ कधीच संपत नाही. शंभरेक वर्षांमागं माणसं लाकडी जहाजांतून तिकडं गेली, महिनोन् महिने त्यावरून चालली, काही तिथंच राहिली. अप्पा ऐकतच राहिले. गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं तरी ते ऐकतच होते!

तेव्हापासून एकच नाद. त्या वीरांच्या सह्या गोळा करायच्या. "ज्या हातानं तिथला बर्फ फोडला, त्या हाताचं अक्षर पायजे," ते म्हणत. बाजार हसायचा. "अप्पा, ध्रुवावरून लादी मागवा, वितळायची न्हाई!" अप्पाही हसत आणि पुन्हा शोधाला लागत.

त्यांतल्याच एकाच्या व्याख्यानाचं, परदेशातून मागवलेलं सही केलेलं तिकीट त्यांच्याकडं होतं. पण खरा जीव होता विल्बी नावाच्या खलाशाच्या फोटोत. हैदराबादच्या जुन्या बाजारात, मोडक्या घड्याळांच्या ढिगाखाली तो सापडला. दाढीत बर्फाचे खडे, डोळ्यांत दूरवरचं काही, आणि कोटावर निळ्या शाईत तिरपी सही. अप्पांनी तो काचेत बसवून देवघराशेजारी लावला.

त्यांच्या पत्नी भागम्मा रोज लिंगपूजा झाली की घरातल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरींना ओल्या विभूतीची तीन बोटं ओढत. सासऱ्यांना, सासूबाईंना आणि शेजारी म्हणून विल्बीलाही, काचेवर.

"अगं, तो परमुलखातला," अप्पा एकदा म्हणाले.

"घरात ऱ्हातो तो घरचाच. गेलेल्या मानसाचं कपाळ कोरडं ठेवत न्हाईत," भागम्मांनी निकाल दिला.

परवा श्रावणातल्या सोमवारी परभणीहून राजशेखर आले. जुनी नाणी आणि तिकिटं जमवणारे, अप्पांचे जुने स्नेही. अप्पांनी फोटो काचेतून काढून चौरंगावर ठेवला. राजशेखरनी भिंग लावलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"अप्पा, राग मानू नका. मला ही छापील वाटायलीय. तवा असे फोटो सहीसकट छापून विकायचे."

अप्पांचा चेहरा उतरला. "मंग ह्या कागदाला त्याचा हात लागलाच न्हाई म्हणा की."

"पाण्याचा थेंब टाकला तर कळंल. छापील शाई फुटत न्हाई. पन खरी असली, तर फुटंल आणि सही हातची जाईल."

"न्हाई टाकायचा," अप्पा म्हणाले. पण आवाजात बळ नव्हतं. न टाकावा तर संशय जन्माचा. टाकावा तर खलाशी जायचा. दोघं ओसरीवर चहाला बसले, पण कप तसेच निवत राहिले.

आत भागम्मांची पूजा आटोपली होती. तसबिरींना विभूती लावत त्या चौरंगापाशी आल्या. काच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. रोजच्या सवयीनं ओली बोटं विल्बीच्या कपाळावर फिरली. ओघळ कोटावर उतरला, म्हणून त्यांनी तो बोटांनीच पुसला.

"अवो!" अशी हाक आली तसे दोघं धावतच आत गेले.

सहीची शेवटची अक्षरं निळ्या ढगासारखी पसरली होती. भागम्मा रडत म्हणाल्या, "मी काय करून बसले... इतक्या वर्साची तुमची..."

राजशेखर वाकले, भिंग न लावताच पाहिलं, आणि त्यांनी सावकाश पायांतले मोजे काढले, जसे देवळात शिरताना काढतात.

"अप्पा, शाई फुटली."

शंभर वर्षांहून जुना एक माणूस, गोठलेल्या बोटांचा, जणू नुकताच लेखणी ठेवून उठला होता.

अप्पांनी भागम्मांचा हात हातात घेऊन उजेडाकडं धरला. राखेनं पांढरी झालेली तीन बोटं, आणि त्यांच्या टोकांना निळी झाक.

"रडू नगंस," ते म्हणाले. "तो लिहीत व्हता तवा ही शाई ओली व्हती. त्यानंतर ओली झाली ती आज, तुज्या हातानं."

भागम्मांनी डोळे पुसायला पदर उचलला. बोटं मात्र त्यांनी पदराला लागू दिली नाहीत.