आईच्या आडनावाचा रकाना

आईच्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, या वेळी तारीख चुकली तर गेलेली नजर परत येणार नाही. म्हणून पॉवर हाउसजवळच्या त्या दवाखान्याचा ऑनलाइन फॉर्म मी आठवडाभर आधीच भरला. नाव, जन्मतारीख, मोबाइल, जुनी चिठ्ठी. 'धन्यवाद' आलं. थोड्या वेळाने मेसेज आला: 'जानकारी अधूरी, बुकिंग रद्द.'

कोणती माहिती अपुरी, ते कुठेच नव्हतं. लाल तारा असलेला, म्हणजे सक्तीचा, एकही रकाना मी सोडला नव्हता. पुन्हा भरला, पुन्हा रद्द. त्याच दिवशी शेजारच्या काकूंनी मोतीबिंदूसाठी फॉर्म भरला आणि चहा संपायच्या आत त्यांना वेळ मिळाली.

माझा संशय थेट काउंटरवरच्या मुलीवर गेला. मागच्या खेपेला चिठ्ठी बघून तिने विचारलं होतं, "सरनेम नहीं है?" हा प्रश्न कशासाठी असतो, ते आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. बाबा नागपूरकडून या हिंदी मुलखात येऊन स्टील प्लँटमध्ये लागले, सेक्टर दहामध्ये क्वार्टर मिळालं, तेव्हाच त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या कागदांवरून आडनाव काढून टाकलं. लोकांना जात हुंगायची सोय नको, एवढंच म्हणाले.

पण प्रश्न नजरेचा होता. भांडण नंतर, तपास आधी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरवलं. आईच्या मोबाइल नंबरऐवजी माझा दिला. रद्द. चिठ्ठीचा फोटो नवा काढला. रद्द. मग आडनावाच्या रकान्यात, ज्यावर ताराच नव्हता, काकूंचं आडनाव टाकलं. लगेच वेळ मिळाली.

परक्या आडनावावर इंजेक्शन नको, म्हणून ती वेळ सोडली आणि आईला घेऊन काउंटर गाठला.

"तारा लगाया नहीं, और सरनेम के बिना लेते भी नहीं?"

"मैडम, फॉर्म नया है, पीछे का सिस्टम पुराना. वो माँगता है. कुछ भी डाल दीजिए ना, देवी, कुमारी. सब डालते हैं."

"सब कौन?"

ती स्क्रीनकडे बघू लागली. दुरुस्त करणारा सोमवारी येणार होता. इंजेक्शन शनिवारी हवं होतं.

मागून आई म्हणाली, "कावून भांडून राहिली तिच्याशी? तुह्या बापाचं नाव टाक तिथं."

"आई, ते आडनाव नाही."

"त्या मशीनले कुठं समजते? खाली जागा भरली म्हंजे झालं. अन् देवी-बिवी नको टाकू, आधीच सांगते."

टाकलं. शनिवारची वेळ मिळाली.

शनिवारी नर्सने आईचं नाव पुकारलं आणि त्याला जोडून बाबांचं, भरल्या हॉलमध्ये. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई उठली, तसा शेजारच्या खुर्चीतला माणूस वळला.

"ये सरनेम तो पहली बार सुना, माताजी. आप लोग कौन हुए?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आईच बोलली.

"सेक्टर दस वाले."

आणि थेंब घातलेला डोळा मिटून ती नर्सच्या मागे आत गेली. तो माणूस मग माझ्याकडे बघत बसला. मीही त्याच्याकडे.