लाइनमन मामांचा अर्धा तास

व्हॉल्व्हच्या खड्ड्यात ती उंच लोखंडी चावी उभी करायची, तिच्या आडव्या दांड्याला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. मग थोड्या वेळानं आमचे लाइनमन मामा म्हणायचे, "दमा जरा. येतंय." पाइपात पाणी कुठवर आलं ते त्यांना म्हणे चावीतून ऐकू यायचं. एकदा मीही कान लावून बघितला. लोखंड गार लागलं, बाकी काही नाही.

"कसं ऐकू यील ताई," मामा म्हणाले, "तुम्ही बोलायलात ना."

सगळ्या गल्लीसमोर म्हणाले. बायका हसल्या, मीही हसले. खरंच होतं ते.

ते दुष्काळाचे दिवस तुम्हाला आठवत असतील. धरणात गाळ दिसायला लागला होता आणि इकडं मुकुंदवाडीच्या पुढं रानंच्या रानं प्लॉट पडून इमारती उभ्या राहत होत्या. तिसऱ्या दिवशी येणारं पाणी आठव्या दिवशी यायला लागलं. लोक हळदीचा दिवससुद्धा मामांना विचारून धरायचे. नव्या इमारतीतल्या एका साहेबांनी त्यांना सांगितलं, मोबाइलवर तुमचं लोकेशन टाकत जा, म्हणजे आम्हाला कळेल तुम्ही कुठं आहात. मामा म्हणाले, "मी कुठं हाय ते मला ठावं हाय की."

मूळचे ते वैजापूरकडचे. घरची मेंढरं होती. चारा संपला तशी ती विकून शहरात आले आणि कंत्राटदाराकडं पाणी सोडायच्या कामाला लागले. पण मेंढरं मोजायची सवय गेली नव्हती. चावी फिरवायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून ओठातल्या ओठात घरं मोजायचे. कोण आलंय, कोण यायचंय.

यायची राहिलेली असायची ती शेवटच्या पत्र्याच्या खोलीतली बाई. करमाडकडं एका कारखान्यात झाडलोटीला जायची आणि पॅसेंजरनं मुकुंदवाडीच्या स्टेशनावर उतरून चालत घरी यायची. घरात अंथरुणाला खिळलेला सासरा, पाणी भरणारं दुसरं कुणी नाही. आमच्या गल्लीची वेळ संध्याकाळी पाचची. ही पोचायची साडेपाचला. तोवर आमच्या सगळ्यांच्या प्यायच्या घागरी भरून मोटारी सुरू झालेल्या असायच्या आणि तिच्या नळाला करंगळीएवढी धार राहायची. म्हणून मामा पाचला सोडतच नसत. कोपऱ्यावरच्या टपरीशी चावी टेकवून स्टेशनाच्या रस्त्याकडं बघत बसायचे. ती वळणावर दिसली की उठायचे. आमच्या पाण्यातलं थेंबभर कमी व्हायचं नाही, उशिरा सोडलं तितकं उशिरा बंद करायचे. फक्त अर्धा तास वाट बघायची, एवढंच.

हे गल्लीत फारसं कुणाला माहीत नव्हतं. मला होतं, कारण माझा ओटा टपरीच्या समोरच आहे.

आता जे सांगायचंय ते सांगते. नातीचं बारसं होतं आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. पाण्याच्या त्या पाळीला मी मामांना म्हटलं, आज दहा मिनिटं जास्त चालू ठेवा. ते म्हणाले, "ताई, तुमची टाकी भरलीया, मला हितं ऐकू येतंय. फुडच्या गल्लीत घागरी रिकाम्या हायती." माझ्या विहीणबाई शेजारीच उभ्या होत्या. मला ते फार लागलं. एवढ्याशा गोष्टीचा मी राग धरला, आणि चांगला महिनाभर धरला.

त्याच महिन्यात कॉलेजची मुलं आली. पाइपांना छोटी यंत्रं बसवायची, पाणी कधी सुटलं, किती दाबानं आलं ते सगळं त्या यंत्रांनी कळवायचं, लोकांना मोबाइलवर मेसेज जायचा आणि पुढं व्हॉल्व्हसुद्धा आपोआप उघडायचा, अशी त्यांची योजना होती. त्यांच्यातली एक मुलगी फार गोड. म्हणाली, "आजी, यंत्र नंतर. आधी माणसांना काय लागतं ते आम्हाला समजून घ्यायचंय." असं कुणी मला आजवर विचारलं नव्हतं. शाळा माझी चौथीपर्यंतची. मी तिला दोन तास सांगत बसले. तिनं विचारलं, तुमच्याकडं पाणी उशिरा का सुटतं?

मी म्हटलं, "टपरीवर बसून असतो तो लाइनमन."

खोटं नव्हतं ते. बसायचेच मामा टपरीवर. तिनं लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी बैठक झाली. मला रहिवाशांची प्रतिनिधी म्हणून पुढच्या रांगेत बसवलं, हातात समोशाची बशी. पडद्यावर रंगीत रेघा होत्या आणि आमच्या गल्लीची रेघ दर पाळीला अर्धा तास पुढं सरकलेली. पाणीखात्याच्या साहेबांनी मामांना पुढं बोलावून उभं केलं आणि विचारलं, हा अर्धा तास कुठं असता? मुलगी हळूच म्हणाली, रहिवाशांनी टपरीचं सांगितलंय.

मामांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी काही बोलेन म्हणून बघितलं. मला वाटतं, त्या बाईचं नाव चारचौघांत घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. एकीसाठी सगळ्यांना ताटकळत ठेवलं म्हणून लोक तिलाच बोल लावतील, हे त्यांना कळत होतं. मी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण मग मला हेही सांगावं लागलं असतं, की मला आधीपासून माहीत होतं. मी समोसा मोडत राहिले.

"चुकलं साहेब," मामा म्हणाले.

मुलगी चांगली हो. तिनं थांबून पुन्हा विचारलं, अजून कुणाला काही सांगायचंय का? माझ्याकडंच बघत होती. मी उठले आणि म्हणाले, यंत्र छान आहे, फक्त मेसेज मराठीतून पाठवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

महिन्याभरात आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आपोआप उघडायला लागला, बरोबर पाचला. मामांचं कंत्राट पुढं वाढलं नाही. जायच्या दिवशी माझ्या फाटकाशी आले. मी आत या म्हटलं नाही, माझ्याच्यानं म्हणवेना. ते म्हणाले, "येतो ताई. त्या शेवटच्या खोलीकडं जरा ध्यान असू द्या." मी व्हय म्हटलं.

आणि नाही दिलं ध्यान. तिच्या दाराशी जायचं म्हणजे तिच्या रिकाम्या घागरी बघायच्या. तीन पाळ्या गेल्या. चौथ्या पाळीनंतर तीच आली, पाणी मागायला. तिनं मला आपला मोबाइल दाखवला. चार मेसेज, चारही शुद्ध मराठीत: आपल्या भागात पाणीपुरवठा सुरू झाला आहे. म्हणाली, "गाडीत असते ताई मी तवा. उडी तर मारता येत नाय."

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून कॉलेजात गेले आणि त्या मुलीला सगळं सांगितलं. बारसं, टपरी, पॅसेंजर, सगळं. तिनं पाणीखात्याच्या साहेबांना फोन लावला, आणि लॅपटॉप उघडून पाचच्या जागी साडेपाच केलं. दोन बोटं हलली तिची, बस. म्हणाली, "आजी, बैठकीत एवढंच हवं होतं आम्हाला." मी मामांचं विचारलं. त्यांचा फोन बंद होता. कंत्राटदाराकडं नवी माणसं होती. कुणी म्हणालं हर्सूलला कुठं तरी राखणीला आहेत, कुणी म्हणालं गावी परत गेले. मी हर्सूलला दोनदा जाऊन आले. नाही भेटले.

पुढच्या पाळीला ती बाई पाणी भरून झाल्यावर ओल्या लुगड्यानंच माझ्याकडं आली. कारखान्यात कुणी वाटलेले दोन पेढे पदरात बांधून आणले होते, ते माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, तुम्ही बोललात म्हणून झालं. मग ओट्यावर टेकली आणि तिनं विचारलं, "मामांना कुणी काढलं हो ताई?"

मी म्हटलं, "मशीन आलं ना बाई, म्हणून गेले."

तिनं मशीनला मनसोक्त शिव्या घातल्या. मी मान डोलावली, आणि उठून तिच्यासाठी चहा टाकला.